अर्धवट चित्राकडे बघून हात गळतात? आधी हे तपासा (सोप्यापासून अवघडपर्यंत)

हे मुख्यतः तैलरंगात काम करणाऱ्यांसाठी आहे, ॲक्रिलिक आणि वॉटरकलरवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल, मध्ये मध्ये सांगतेच. माझ्याकडे शनिवार-रविवार शिकायला येणाऱ्यांत कॉलेजची पोरं आहेत, बँकेतून रिटायर झालेले काका आहेत, मुलं झोपल्यावर रात्री रंगवणाऱ्या बायका आहेत, आणि तक्रार सगळ्यांची एकच, दर थोड्या महिन्यांनी फिरून येणारी: "मॅडम, सुरुवात मस्त झाली होती, आता अर्ध्यात आलंय आणि बघावंसंच वाटत नाही." माझ्या स्वतःच्या इझलवरही हे होतंच, त्यात विशेष काही नाही, त्यामुळे आता एक ठरलेला क्रम झालाय, त्या क्रमाने बघत जाते.

लोकांना वाटतं उत्साह गेला म्हणून चित्र अडलं. बहुतेक वेळा निघतं असं की चित्र कुठेतरी अडलेलं असतं, कुठे ते कळत नसतं, आणि म्हणून उत्साह गेलेला असतो. म्हणून आधी मनाला हात लावायचा नाही. आधी दिवा, तेल, खोली, कॅनव्हास. मन सगळ्यात शेवटी.

एक अपवाद. चित्राबरोबर झोप, भूक, माणसांशी बोलणं असं सगळंच गेलं असेल तर मधलं काही वाचू नका, थेट खाली "इथे थांबा" वर जा.

लक्षणं

- कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून उभा केलाय. किंवा इझलवर टॉवेल वाळत पडलाय.
- ब्रश धुऊन झाले, पॅलेट घासून झालं, नवीन ट्यूब ऑर्डर झाल्या, रंगवणं मात्र झालेलं नाही.
- एकच कोपरा घासत बसणं. बहुतेक वेळा डोळा, नाहीतर झाडाची पानं, कारण तेवढंच जमतंय असं वाटतं, बाकीचा कॅनव्हास महिनाभर तसाच.
- दुसरा नवा कोरा कॅनव्हास सुरू करायची जबरदस्त उबळ.
- घरात कोणी सहज "झालं का ते?" विचारलं तरी अंगावर येणं.
- सकाळी बरं वाटलेलं चित्र रात्री भंगार वाटणं. हे लक्षण असेल तर पहिलीच तपासणी नीट करा, पुढचं कदाचित लागणारही नाही.
- रंगवायला बसलं की अर्ध्या तासात डोकं जड, कंटाळा, मळमळ. हे असेल तर तपासणी तीन.

१. उजेड (खर्च शून्य)

दिवसभर नोकरी करून रात्री रंगवणाऱ्यांचं निम्मं दुखणं इथेच असतं. घरातला पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा असतो, त्याच्याखाली निळा मरतो आणि पांढरा कुठला नि फिका पिवळा कुठला हे धड कळत नाही. मग तुम्ही पिवळा वाढवत जाता, निळा अजून निळा करता, आणि सकाळी उठून बघता तर चित्र बोंबलतंय. किंवा उलट, दिवसा छान जमलेलं रात्री मातकट दिसतं आणि तुम्ही जमलेल्यावर परत रंग चढवता. दोन्हीत माणसाला वाटतं आपला हात गेला. हात कुठे जात नाही.

करायचं एवढंच की दिवस मावळल्यावर चित्राबद्दल निकाल द्यायचा नाही. रात्री रंगवा खुशाल, पण चांगलं-वाईट ठरवणं दुसऱ्या दिवशी खिडकीशी, उन्हाची तिरीप पडत नाही अशा ठिकाणी. अजून एक, ओल्या तैलरंगावर ट्यूबलाइट चमकते आणि तो चकाकणारा पट्टा डोळ्यांना सतत खुपत राहतो, त्यासाठी इझलचा वरचा भाग जरा पुढे झुकवा. थोडा खर्च करायची तयारी असेल तर ५००० केल्विनच्या आसपासचा, रंग नीट दाखवणारा एलईडी घ्या, खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो तो ९० च्या वर हवा, आणि तो दिवा कॅनव्हास आणि पॅलेट दोन्हीवर सारखा पडला पाहिजे, नुसत्या कॅनव्हासवर नाही.

२. रंग खरंच मेलाय की नुसता शोषला गेलाय?

ही तपासणी लोकांना माहीतच नसते. पहिला थर वाळला की काही जागा, विशेषतः अंबरसारखे तपकिरी आणि काळे भाग, अचानक मॅट, राखाडी, निर्जीव दिसायला लागतात. तुम्ही लावलेला गडद तपकिरी आता खडूने घासल्यासारखा. शेजारचा भाग मात्र चकचकीत. चित्र ठिगळं लावल्यासारखं दिसतं आणि इथेच पुष्कळ लोक कॅनव्हास भिंतीकडे फिरवतात.

झालेलं असतं असं की वरच्या थरातलं तेल खालच्या थराने किंवा जेसोने (कॅनव्हासवर रंगाआधी मारतात त्या पांढऱ्या अस्तराने) ओढून घेतलंय. रंग तिथेच आहे, तुम्ही केलेली गडद छटा तिथेच आहे, दिसत नाहीये फक्त. खात्री करायची असेल तर स्वच्छ बोट थोडं ओलं करून त्या वाळलेल्या भागावर एक बारीक रेघ ओढा. रेघेत गडदपणा परत आला तर निदान झालं.

उपाय: भाग पूर्ण कोरडा हवा. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, अगदी चमचाभर पुरतं, धागे न सोडणाऱ्या सुती कापडाने अगदी पातळ फिरवा, आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या कापडाने जेवढं निघेल तेवढं पुसून टाका. पुसणं महत्त्वाचं, तेलाचा थर साचला तर पुढे पिवळा पडतो आणि चिकट राहतो. आणि त्या दिवशी जिथे रंगवणार आहात तेवढ्याच भागावर करा, उगाच सगळ्या कॅनव्हासला अभ्यंगस्नान नको. हे केल्यावर क्लासमधल्या लोकांचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण आठवडाभर ज्याला "फसलेलं" म्हणत होते ते समोर परत उभं राहतं.

वॉटरकलरवाल्यांसाठी याचाच भाऊ: ओला रंग वाळल्यावर फिका होतो. ॲक्रिलिक उलटं, ओलं असताना त्यातला माध्यमाचा भाग दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो आणि रंग थोडा गडद दिसतो. म्हणजे कुठल्याही माध्यमात ओल्या चित्रावर मत बनवायचं नाही.

पावसाळ्याचा हिशोब वेगळा. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो. आमच्या कोल्हापुरात जुलैमध्ये दमट गारव्यात हे सगळं रेंगाळतं. त्यातून टायटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक मुळातच हळू वाळणारे, बर्न्ट अंबर भराभर वाळणारा. चारपाच दिवसांत वाळेल असं धरून तुम्ही बसलात आणि पंधरवड्यानेही पांढरं बोटाला लागतंय, तर "माझं चित्र पुढेच सरकत नाही" हे वाटणं अगदी खरं आहे, फक्त दोष तुमचा नाही. त्या दिवसांत अंडरपेंटिंगला, म्हणजे खालच्या पहिल्या थराला, जलद वाळणारे अंबरसारखे मातीचे रंग वापरा, तेल कमी ठेवा. पुढच्या थरांत तेल वाढवत न्यायचं असतंच, खाली पातळ वर तेलकट, हा क्रम उलटला तर पुढे तडे जातात.

३. हवा

खिडक्या बंद, बाहेर पाऊस, टर्पेंटाइनची बरणी उघडी, पंखा बंद कारण कागद उडतात. अर्ध्या तासात डोकं जड होतं, मळमळतं, चिडचिड होते. आणि माणूस म्हणतो, "चित्राला बसलं की नकोसं होतं." अहो ते चित्र नाही, टर्पेंटाइनची वाफ आहे. बरणीला झाकण, एका वेळी वाटीत अगदी थोडं, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या, आणि झोपायच्या खोलीत टर्पेंटाइन अजिबात नाही. एखादा आठवडा नुसत्या तेलाने काम करून बघा, ब्रशही आधी तेलात आणि मग साबणाने धुता येतो. डोकं हलकं राहिलं आणि चित्राचा कंटाळाही गेला तर कारण सापडलं. त्रास तरीही होत असेल, दम लागत असेल, हाताला पुरळ येत असेल तर डॉक्टरला दाखवा आणि काय वापरता ते नाव घेऊन सांगा, नुसतं "रंगकाम करतो" म्हटलं तर ते भिंतीचा रंग समजतात.

४. डोळे बारीक करा, आरसा, काळापांढरा फोटो

मधल्या टप्प्यात चित्र वाईट दिसतं याला कारण आहे. कोऱ्या कॅनव्हासचा पांढरा झाकला गेलाय, पण सगळ्यात गडद जागा अजून पुरेशी गडद नाही आणि सगळ्यात उजळ जागा अजून आलेलीच नाही. मग सगळं मधल्याच टोनमध्ये, म्हणजे मधल्याच गडद-उजळपणात, अडकतं, रंग वेगवेगळे आहेत पण टोन एकच. रंकाळ्याची संध्याकाळ काढायची होती आणि पाणी, घाट, आभाळ, शालिनी पॅलेस सगळं एकाच वजनाचं झालंय. तुमच्या नजरेला काहीतरी चुकतंय हे कळतं, काय ते कळत नाही, आणि ते "काहीतरी" मग तुम्ही स्वतःच्या नावावर मांडता.

फोनवर फोटो काढा, काळापांढरा करा, छोटा करून बघा. राखाडी लापशी दिसली तर दुखणं टोनचं आहे. आता अख्खं चित्र दुरुस्त करायला जाऊ नका, फक्त दोन ठिपके ठेवा: या चित्रात सगळ्यात गडद जागा जिथे येणार तिथे खराखुरा गडद, आणि सगळ्यात उजळ जिथे येणार तिथे एक छोटा उजळ. नखाएवढे. मग पाच पावलं मागे जा. मधलं सगळं या दोघांच्या मध्ये आपोआप जागेवर बसायला लागतं, निदान कुठे काय कमी आहे ते दिसतं. नाउमेदीवरचा इतका स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही. तैलरंगात उजळ भाग शेवटी आणि जाड लावायची पद्धत आहे, ते बरोबरच आहे, हे ठिपके नुसते मापासाठी.

फोटोत टोन ठीक दिसले तर आरसा घ्या. आरशात उलटं दिसणारं चित्र डोळ्यांना परकं वाटतं आणि वाकडं नाक, एका बाजूला कललेली इमारत लगेच सापडते. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत सपाट आरशात चित्र बघायला सांगून ठेवलंय, म्हणजे पाचशे वर्षांची जुनी युक्ती आहे, पण आपल्याकडे अजूनही लोक चित्रापासून फूटभरावर बसून रंगवतात आणि तिथूनच निराश होतात. खोली लहान असेल तर आरसा समोरच्या भिंतीला लावा, आपोआप दुप्पट अंतर मिळतं.

५. आज काय करायचंय हे एका ओळीत सांगता येतंय का?

इथपर्यंत सगळं तपासून चित्र ठीक निघालं आणि तरी हात जात नाही, तर हा प्रश्न. "चित्र पूर्ण करायचंय" हे काम नाहीये, ते कधीच आज होत नाही, आणि रोज रात्री हिशोब एकच लागतो की आजही झालं नाही.

पेणला गणपतीच्या कारखान्यात गेला असाल तर आठवा. महिनोन्‌महिने शेकडो मूर्ती अर्ध्या असतात, पांढऱ्याफटक, बिनडोळ्यांच्या, फळ्यांवर ओळीने. तिथे कोणी कपाळाला हात लावून बसत नाही, कारण प्रत्येक टप्प्याला नाव आहे आणि तो टप्पा स्वतःपुरता पूर्ण होतो. आज अंगाचा रंग म्हणजे अंगाचा रंग, तो झाला की आजचं काम झालं. सोवळं, शेला, दागिने त्यानंतर, आणि डोळ्यांची आखणी शेवटी, तीही सरावलेल्या हाताकडे. बिनडोळ्यांची मूर्ती म्हणजे तिथे मूर्तीचा तो टप्पा, फसलेली मूर्ती नाही.

आपण एकटेच काम करतो त्यामुळे टप्प्यांना नावं देत नाही, सगळं एकात एक मिसळतं, आणि मी वर म्हटलं तसं लोक आखणी आधी करायला जातात, म्हणजे डोळाच घासत बसतात. तर काम थांबवताना, ब्रश धुवायच्या आधी, मास्किंग टेपचा तुकडा कॅनव्हासच्या मागच्या पट्टीवर लावा आणि पुढचं एकच काम लिहा. "डावीकडच्या घाटाची सावली, निळसर, एकच थर." "पदराची कड मऊ कर." तासाभरात होईल असं. "बॅकग्राउंड बघणे" असलं लिहू नका, बघणे हे काम नाही. शक्यतो जे सोपं आहे आणि कसं करायचं ते माहीत आहे असंच पुढच्या वेळेसाठी शिल्लक ठेवा, सगळं सोपं आज उरकून अवघड जागेवर थांबलात तर परत त्या खोलीत शिरायला आठवडा जातो.

आणि जुना टेप फेकू नका, खाली नवीन लावत जा. महिन्याने "काहीच झालं नाही" वाटलं की कॅनव्हास उलटा करून वाचा, लिहिलेलं असतं काय काय झालं ते.

६. कोणी बघितलं?

विचारा स्वतःला, कंटाळा सुरू झाला त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत चित्र कोणाला दाखवलं होतं का. फॅमिली ग्रुपवर टाकलं, मावशीने लिहिलं "छान! पण चेहरा कोणाचाय?", आणि तिथून पुढे तो चेहरा तुम्हाला मावशीच्या डोळ्यांनीच दिसतोय. कौतुकानेही हेच होतं बरं का. इन्स्टाला अर्धं चित्र टाकलं, लोकांनी बदाम पाठवले, चित्र झाल्यासारखा आनंद मिळून गेला, आता ते प्रत्यक्ष करायला जोर कुठून आणणार. वर लोकांना आवडलेला कोपरा बिघडेल म्हणून हात लावायची भीती.

म्हणून अंडरपेंटिंगच्या वेळी कोणालाच नाही. मधल्या टप्प्यात एकच माणूस, जो स्वतः रंगवतो आणि ज्याने स्वतःचं अर्धं चित्र तुम्हाला दाखवलंय, आणि त्यालाही "कसं झालंय?" विचारायचं नाही, नेमका प्रश्न विचारायचा: "तुझी नजर आधी कुठे जाते?" एवढ्या उत्तरावर काम करता येतं. घरच्यांना मात्र सरळ सांगा की मी दाखवेन तेव्हाच बघा. वाईट वाटतं त्यांना थोडं, पण चालतं.

७. किती चित्रं उघडी आहेत?

मोजा. समोर तीन असावीत जास्तीत जास्त, एक वाळतंय तोवर दुसऱ्यावर हात चालतो हा तैलरंगातला खरा फायदा आहे. त्यावरची सगळी नजरेआड. जुन्या सुती चादरीत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नाही, ओल धरते. भिंतीला टेकवू नका, मध्ये लाकडाच्या पट्ट्या घालून हवा खेळती ठेवा, नाहीतर पावसाळा संपता संपता मागून बुरशी.

८. आकार आणि हाताची तयारी

इथून पुढचं जरा दुखणारं आहे. कधी कधी चित्र अडतं कारण त्यातली एक गोष्ट आपल्याला खरंच येत नाही. हात येत नाहीत, पाण्यातलं प्रतिबिंब येत नाही. तीन बाय चार फुटांच्या कॅनव्हासवर ते शिकायला जाणं म्हणजे महागडा सराव, प्रत्येक चूक मोठी दिसते आणि प्रत्येक दुरुस्तीने रंग मळतो. कॅनव्हास बाजूला ठेवा आणि फक्त ती गोष्ट कागदावर, पोस्टकार्डाएवढ्या आकारात करा, वाईट झाली तर पाठीमागे दुसरी. चित्रकार एम. व्ही. धुरंधरांसारखा माणूस आयुष्यभर स्केचेस करत राहिला, ती त्यांच्या मोठ्या चित्रांची शिदोरी होती.

मोठा आकारच झेपत नसेल, जागा नाही, वेळ नाही, पाठ दुखते, तर छोटं करणं ही माघार नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना १९८४ च्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणं जमेना, तेव्हा त्यांनी कागदावर शाईने छोटी चित्रं केली, आणि पुढे परत कॅनव्हासकडे वळले. तब्येत चांगली असतानाही ते वर्षाला मोजकीच चित्रं करत. त्याच गायतोंडेंचं प्रदर्शन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमला लागलं. कमी चित्रं म्हणजे कमी चित्रकार, हे डोक्यातून काढा.

याच तपासणीत एक प्रवास सुचवते, जमला तर. आपण गॅलरीत आणि फोनवर फक्त लोकांची झालेली कामं बघतो आणि आपलं अर्धं काम त्यांच्या पूर्ण कामाशेजारी ठेवतो. अजिंठ्याला गेलात की सगळे पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या लेण्यात गर्दी करतात, तुम्ही थोडं पुढे चालत चोविसाव्याला जा. ते अपुरं राहिलेलं आहे. खांब कुठे निम्मे मोकळे झालेत, कुठे दगडाच्या गाभ्यातच आहेत, छिन्नीचे घाव तसेच. काम कसं पुढे सरकत होतं, एका भागात कोरीवकाम झालं तरी दुसरा भाग नुसता ढोबळ, हे तिथे दिसतं, पूर्ण झालेल्या लेण्यांनी ते पुसून टाकलंय. लांब जाणं होत नसेल तर लिओनार्दोचं 'अॅडोरेशन ऑफ द मॅजाय' मोठ्या आकारात उघडून बघा, १४८१ मध्ये एका मठासाठी घेतलेलं काम, तो मिलानला निघून गेला आणि चित्र तपकिरी अंडरपेंटिंगमध्येच राहिलं. घोडे, गर्दी, जिने, सगळं मांडलेलं, रंग नाही. मठवाल्यांनी शेवटी दुसऱ्याकडून चित्र करून घेतलं हेही खरं, म्हणजे ऑर्डर घेतली असेल तर ही सवलत आपल्याला लागू नाही!

९. सोडायचं का?

ही सगळ्यात अवघड तपासणी, म्हणून शेवटी. वरचं सगळं केलं आणि तरी वाटतंय की हे चित्र आता मला नकोच आहे, विषयातच रस राहिला नाही, तर सोडता येतं. फक्त रात्री नाही, रागात नाही, आणि कोणाच्या बोलण्यानंतर लगेच नाही. चादरीत गुंडाळा, तारीख घाला, एक ऋतू जाऊ द्या. मग दिवसा उघडून बघा. पहिल्या नजरेत त्यात काही करावंसं वाटलं तर ठेवा, नाही तर सोडा, आणि सोडलं असं मोठ्याने म्हणा, म्हणजे ते डोक्यात उघडं राहत नाही. फाडणं, सुरी घालणं नको. शाहू महाराज १९२२ मध्ये गेल्यावर चित्रकार आबालाल रहिमान यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थ तलावात सोडली अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. त्यांचं दुःख त्यांना माहीत, पण ऐकताना प्रत्येक वेळी पोटात तुटतं.

वॉटरकलरमध्ये ही तपासणी लवकर येते, कारण कागदाचे तंतू उठले की तो भाग परत स्वच्छ होत नाही, तिथे दहा वेळा घासण्यापेक्षा नवा कागद बरा.

पैशाचा प्रश्न असतोच, कॅनव्हास काही स्वस्त नाही. पण तैलचित्रावर ॲक्रिलिक जेसो मारून परत वापरू नका, तेलावर ते धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा पिना काढून तीच लाकडी फ्रेम ठेवा आणि नवं कापड ताणा, निम्मा खर्च वाचतो. जुना रंग घासून काढायच्या फंदात पडू नका, काही रंगांमध्ये कॅडमियम असतं, त्याची धूळ नाकात जायला नको.

इथे थांबा, माणूस बोलवा

चित्राचं: एकाच जागी तीनदा दुरुस्ती करून तीच चूक परत येत असेल तर ज्याचं काम तुम्हाला आवडतं अशा चित्रकाराला रीतसर फी देऊन एक तास चित्र दाखवा. फुकटचा सल्ला मागू नका, फुकटात लोक "छानच आहे" म्हणतात. रंगाचे पापुद्रे सुटतायत किंवा बुरशी रंगाच्या थरात शिरलीय, तर स्वतः घासू नका, चित्र मोलाचं असेल तर संवर्धकाकडे न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात यासाठी वेगळं केंद्र आहे.

शरीराचं: चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं, पुढे मोतीबिंदूने रंगच पिवळट-तपकिरी दिसायला लागतात. फ्रेंच चित्रकार मोनेला १९१२ मध्ये मोतीबिंदू असल्याचं कळलं आणि ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, मधल्या काळातल्या चित्रांचे रंग बघा. आज एवढं थांबायचं कारण नाही, रंग ओळखण्यात सारखी गल्लत होत असेल तर आधी डोळ्यांचा डॉक्टर. मनगट किंवा खांदा रात्री ठणकत असेल, बोटांना मुंग्या येत असतील तर हाडांचा डॉक्टर किंवा फिजिओ, बाम चोळून रेटायचं नाही.

मनाचं: फक्त चित्राचा कंटाळा हा एक भाग झाला. पण दोन आठवडे रोज, जवळजवळ दिवसभर, उदास वाटतंय किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातच गोडी नाही, गाणी नाहीत, जेवण नाही, माणसं नकोत, झोप उडालीय किंवा उठवतच नाही, तर वरच्या नऊपैकी एकही तपासणी करू नका. कॅनव्हास तिथेच राहू दे आणि डॉक्टरकडे जा, मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात केली तरी चालते. "कलाकार असेच असतात" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, ते दुखणं आहे आणि त्याला औषध आहे. जगायलाच नको असे विचार येत असतील तर वाट बघायची नाही, घरातल्या एका माणसाला आत्ता सांगा आणि टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा, सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

तैलचित्राला या थांबण्याने काही होत नाही, हे लोकांना खोटं वाटतं पण खरंय. अंडरपेंटिंग वर्षभर पडून राहिलं तर उलट चांगलं वाळतं. परत काढाल तेव्हा मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, कुठे रंग सुटतोय का नखाने हलकेच बघा, ज्या भागावर काम करणार तिथे तेलाचा पातळ हात फिरवून पुसून घ्या, मागचा टेप वाचा आणि लिहिलंय तेवढंच करा. आणि हो, तेलाने भिजलेली कापडं बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा आणि मगच टाका.